मॅचिंग सेंटरमधले खून

सौसरच्या काकू माणसाला पाणी विचारायच्या आधी "कोणी मारलं?" असं विचारायच्या. साडीचा फॉल घ्यायला आलेली एखादी नवी बाई ते ऐकून दचकायची, पिशवी छातीशी धरायची. पण तो प्रश्न तिला नसायचाच. तो तिच्या मागे दाराशी चपला काढत असलेल्या माणसाला असायचा, ज्याच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एखादं जुनं कॉमिक असायचं. तो माणूस तिथूनच उत्तर द्यायचा, "मुनीमानं." काकू मान हलवायच्या, लोखंडी मीटरवर फॉल मोजून कापायच्या, बाईला मार्गी लावायच्या आणि मग पाणी आणायला आत जायच्या.

गावात त्यांना सगळे मर्डरवाल्या काकू म्हणत. दुकानात पाल निघाली तर तिला हाकलायला त्या शेजारच्या किराणावाल्याला बोलवायच्या आणि तो तिला मारणार तर नाही ना, हे पाहत मागे उभ्या राहायच्या. दुकान मॅचिंगचं. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस, बटनं, हुक, रिळं. भिंतभर अस्तराचे गठ्ठे, फिक्यापासून गडदपर्यंत लावलेले. आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात, कथ्थ्या रंगाच्या अस्तरामागे, भुतं आणि खुनी.

मी पांढुर्ण्याची. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची होती, त्यामुळे मला तीन भाषांमध्ये गप्प बसता येतं. गॅसचं सिलिंडर सांगायचं असलं तरी काय बोलायचं ते मी आधी कागदावर लिहून घेते, आणि समोरून कागदावर नसलेला प्रश्न आला की फोन ठेवून देते. जुनी भुताखेतांची आणि खुनांची हिंदी कॉमिक्स जमवणाऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यात मी बरीच वर्षं होते. होते म्हणजे वाचत होते. एकदाच धीर करून कोणाच्या तरी वाढदिवसाला केकचं चित्र पाठवलं. ते नेमकं एका गृहस्थांनी आजोबा गेल्याची बातमी टाकली होती तिच्याखाली जाऊन पडलं. त्यानंतर मी काही पाठवलं नाही. ग्रुपमधली मोठी मंडळी कॉमिक हाताळताना पांढरे सुती हातमोजे घालतात, हे वाचून मीही मागवले होते. माझ्या संग्रहात तेव्हा कॉमिक्सपेक्षा हातमोजेच जास्त होते.

काकूंच्या दुकानात मला आईनं नेलं. मावसबहिणीचं लग्न होतं आणि आईच्या मते मोरपंखी रंगाचं खरं अस्तर सौसरशिवाय कुठे मिळत नाही. आई आणि काकू मोरपंखीवर बोलत असताना मला खालच्या कप्प्यात एक हिरवा हात दिसला. विहिरीतून वर आलेला, नखं वाढलेला, बोटात सोन्याची अंगठी. ते मुखपृष्ठ मी ग्रुपवर पाहिलं होतं. लोक त्याच्यासाठी जीव टाकत होते. आता कोणीही शहाणं माणूस काय करेल? बोट दाखवून "ते काय आहे हो?" असं विचारेल. मी घरी आले, आणि पुढच्या शनिवारी बस धरून एकटी सौसरला जाऊन अस्तर घेतलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा घेतलं. दर वेळी वेगळा रंग मागायचे, म्हणजे काकू वेगळा गठ्ठा काढतील आणि कधीतरी कथ्था निघेल. कथ्था मागायचं मात्र धाडस होत नव्हतं. तो मागितला तर त्यांना कळेल, असं मला वाटायचं. माझ्याकडे आजही इतकं अस्तर पडलंय की आई पाहुण्यांना हात पुसायलासुद्धा त्याचाच तुकडा देते.

शेवटी काकूंनीच एकदा कात्री खाली ठेवली. "काय वं पोरी, एवढं अस्तर कशाले नेऊन राहिली? मांडव टाकून राहिली का?"

मी "हो" म्हणाले. मला विचारलेल्या बहुतेक प्रश्नांना मी हो म्हणते, त्यानं संभाषण लवकर संपतं.

"मंग त्या मांडवाच्या मागं पाह्य," काकू म्हणाल्या. "खालच्या कप्प्यात. मघापासून डोळे तिथंच आहेत तुझे. घाबरू नको, ते चावत नाही. अन् हात धुतले का नाही पोरी?"

हात धुवून मी ते कॉमिक उघडलं आणि शेवटी येऊन थांबले. शेवटचं पान नव्हतं. फाटलेलं नव्हतं, कापून घेतलेलं होतं, अस्तराच्या कात्रीनं, एकदम सरळ. आणि मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात, त्या हिरव्या हाताच्या अंगठीच्या जरा वर, लाल काचेचं एक बटन शिवलेलं होतं. ग्रुपमधल्या मंडळींनी ते पाहिलं असतं तर हातमोज्यांसकट छातीवर हात ठेवून खाली बसले असते. मीही जवळजवळ बसलेच, पण स्टूल नव्हतं.

काकूंची ही पद्धत फार जुनी. एके काळी त्यांचे यजमान सिंचन खात्यात होते. कामानिमित्त नागपूरला गेले की फुटपाथवरून कॉमिक्स आणायचे आणि काकू ती शाळेतल्या पोरांना भाड्यानं द्यायच्या. पोरं न्यायची आणि आणून द्यायची नाहीत. मग काकूंनी शेवटचं पान कापून स्वतःजवळ ठेवायला सुरुवात केली. कॉमिकवर एक बटन आणि त्याच्या शेवटच्या पानावर त्याच्याच जोडीचं दुसरं, म्हणजे पान शोधायला त्रास नको. पानं सगळी बिस्किटाच्या एका मोठ्या गोल पत्र्याच्या डब्यात. कॉमिक परत आणलं, खुनी कोण ते सांगितलं, की डबा उघडायचा. तिथेच उभ्यानं पान वाचायचं आणि परत द्यायचं. उत्तर चुकलं तरी पान मिळायचं, पण मग हजर असलेल्या सगळ्यांना संत्री सोलून द्यावी लागायची. संत्र्यांच्या दिवसांत संत्री, एरवी भुईमुगाच्या शेंगा.

"पान घ्यायले तरी येतील," हे काकूंचं आवडतं वाक्य होतं. पुढे भाड्याचा धंदा संपला, पोरांच्या हातात मोबाइल आले, तरी पानं डब्यातच राहिली. आता वाचायला येणारे आम्ही तिघंच नेमाचे होतो, आणि आम्ही आणूनच दिलं असतं. पण काकूंना तसं म्हटलं की त्या हसायच्या. "तुम्ही आणून द्यान, माहीत आहे मले. पण बोलान का?"

ते माझ्यासाठी होतं.

कारण माझा प्रश्न वेगळाच होता. मला कोणावर संशय घेता यायचा नाही. पहिलं कॉमिक परत नेलं तेव्हा काकूंनी दारातच विचारलं, "कोणी मारलं?" मी बसमध्ये पाठ केलेलं उत्तर दिलं. म्हटलं, "काकू, मला वाटतं तो अपघात असावा."

 मग काकूंनी कॉमिक उघडून एका चित्रावर बोट ठेवलं. "बाई, ह्याच्या पाठीत सुरा आहे. मुठीपर्यंत. पाठीत सुरा कोणाच्या अपघातानं जाते?"

"घसरला असेल," मी म्हणाले.

"सुऱ्यावर?"

त्या दिवशी मी सगळ्यांना संत्री सोलून दिली. पुढच्या वेळी विषप्रयोग होता. मी म्हटलं, चुकून मिसळलं गेलं असेल. त्याच्या पुढच्या वेळी एका माणसाला पोत्यात घालून तलावात टाकलं होतं. त्याचंही मी काहीतरी चांगलं कारण शोधलं होतं, ते आता आठवत नाही. काकू कपाळावर हात मारायच्या. "गोटमारच्या गावची पोट्टी तू, अन् कागदावरच्या माणसाचं नाव घ्यायले भेते?" आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावं एकमेकांवर दगड मारतात, तीच ही गोटमार. पांढुर्णा जिल्ह्याचं ठिकाण झाल्यापासून सौसरची माणसं आम्हाला बोलायची संधी सोडत नाहीत, त्यातलाच हाही एक टोमणा. पण तो खरा होता. नाव घेतलं की त्या माणसाला वाईट वाटेल, असं मला वाटायचं. मग तो चित्रातला आणि खुनी का असेना.

बाकीच्या दोघांना असला त्रास नव्हता. मोहगावचे बोंद्रे सर शाळेतून निवृत्त झालेले. त्यांचा संशय नेहमी मुनीमावर. गोष्टीत मुनीम नसला तर कारकुनावर, कारकून नसला तर ज्याच्या हातात कागद असेल त्याच्यावर. पेन्शनच्या कागदांसाठी सरांनी बरेच हेलपाटे घातले होते, त्याचा हा परिणाम. रामाकोन्याचे भाऊ संत्र्याच्या बगिच्याचे मालक, आमच्या दंडाची फळं तेच आणायचे. त्यांच्या मते खून नेहमी साळ्यानं, म्हणजे मेहुण्यानं, केलेला असायचा. का, ते कोणी विचारायचं नाही. त्यांच्या बगिच्याच्या बांधाला लागून साळ्याचंच वावर होतं. दोघंही बहुतेक वेळा चुकायचे आणि आनंदानं संत्री सोलायचे. आणि काकू? काकू कधीच आपलं उत्तर सांगायच्या नाहीत. त्यांनी सगळी पानं वाचलेली होती. ज्याच्याकडे डबा त्यानं बोलायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

एक कॉमिक सोडून.

डब्याच्या तळाशी एक पिवळं बटन होतं, ज्याला पान नव्हतं. त्याच्या जोडीचं पिवळं बटन 'तेरहवीं का मेहमान' नावाच्या कॉमिकवर होतं. हे काकूंचं पहिलं कॉमिक. लग्न होऊन त्या सौसरला आल्या तेव्हा यजमान दिवसभर ऑफिसात, ओळखीचं कोणी नाही, म्हणून त्यांनी नागपूरहून ते आणून दिलं. एका शेठच्या तेरवीच्या पंगतीत एक अनोळखी पाहुणा येऊन बसतो. इकडच्यांना वाटतं तो तिकडच्यांचा, तिकडच्यांना वाटतं इकडच्यांचा. तो जेवता जेवता म्हणतो, शेठ आपल्या मरणानं मेला नाही. मग मुनीम, शेठचा साळा, सून, वैद्य, सगळ्यांच्या मागे लागलेली सावली, हवेत तरंगणारी पत्रावळ, आणि शेवटून दुसऱ्या पानावर तो पाहुणा उठून उभा राहतो आणि बोट उचलतो. बस. बोट कोणाकडे, ते पुढच्या पानावर, आणि पुढचं पान फुटपाथवरच कुठेतरी गळून गेलेलं. यजमान म्हणाले, पुढच्या खेपेला दुसरी प्रत आणतो. ती कधी मिळाली नाही. प्रत्येक खेपेला ते दुसरंच काहीतरी घेऊन यायचे, तसा हा कप्पा भरत गेला. नंतर तेही गेले.

"पान नसलं की माणूस कसं परत परत त्या गोष्टीपाशी येते, हे मले तिथंच समजलं," काकू म्हणायच्या. म्हणजे पद्धत दुकानात नाही, त्या कॉमिकात जन्मली होती. आणि दारातला तो प्रश्नही. ते पिवळ्या बटनाचं कॉमिक त्यांनी येईल त्याला वाचायला दिलं होतं आणि प्रत्येकाला विचारलं होतं, कोणी मारलं? आम्हाला सगळ्यांना वाटायचं त्या परीक्षा घेताहेत. त्या खरंच विचारत होत्या.

मागच्या वर्षी काकूंच्या मुलानं ठरवलं की आता आईनं सौसरला एकटं राहायचं नाही. दिवाळी झाली की रायपूरला न्यायचं. दुकान मोबाइलवाल्याला द्यायचं ठरलं. काकूंनी काही आढेवेढे घेतले नाहीत. अस्तराचे गठ्ठे ओळखीच्या टेलरबायांना देऊन टाकले आणि भिंत एकेका रंगानं रिकामी होत गेली. कथ्था मात्र शेवटपर्यंत तसाच होता. एका शनिवारी मी बटनांचे डबे बांधायला मदत करत होते, तेव्हा त्यांनी ते पिवळं बटन हातात घेतलं आणि बराच वेळ नुसतं बोटांनी फिरवलं.

"बाकी कशाचं काही नाही वं," त्या म्हणाल्या. "सामान जाईल तसं मी जाईन. एवढं एक समजलं असतं जायच्या आत, तं बरं झालं असतं."

मी काही बोलले नाही, हे वेगळं सांगायला नको. पण परतीच्या बसमध्ये लोधीखेड्याच्या दोन बाया लग्नाच्या आहेरावरून भांडत होत्या आणि मी मोबाइल हातात घेऊन ग्रुपसाठी संदेश लिहीत होते. आधी इंग्रजीत लिहिला, तो नोकरीच्या अर्जासारखा झाला. हिंदीत लिहिला, तो हरवल्याच्या जाहिरातीसारखा झाला. पांढुर्णा आलं तरी मी शेवटी 'धन्यवाद' आधी घालावं की नंतर, ह्यातच होते. पुढचे काही दिवस मी तो संदेश उघडायचे, एक स्वल्पविराम हलवायचे आणि बंद करायचे. दिवाळीचे आकाशकंदील लागायला लागले तेव्हा डोळे मिटून पाठवला. मग मोबाइल उशीखाली ठेवला, जणू तो फुटणार होता.

उत्तर इंदूरच्या एका गृहस्थांचं आलं. तेच हातमोजेवाले, ग्रुपमधले सगळ्यात मोठे संग्राहक. त्यांच्याकडे प्रत होती, संपूर्ण. पण पानाचा फोटो ते देणार नव्हते. फोटोवरून लोक नकली पानं छापतात आणि जुनी म्हणून विकतात. फोन कर, म्हणाले, मी वाचून दाखवतो.

फोन.

मी कागद लिहिला. त्यावर माझं नाव पहिल्या ओळीत लिहिलं होतं, कारण घाबरले की तेही आठवेलच असं नाही. गच्चीवर गेले, खाली आई शंकरपाळी लाटत होती, आणि फोन लावला. समोरून त्यांनी पहिलाच प्रश्न कागदावर नसलेला विचारला: "आपको गोष्ट का शेवट क्यों चाहिए?" अर्थात त्यांनी तो चांगल्या हिंदीत विचारला होता, पण माझ्या डोक्यात तो असाच घोटाळून शिरला. फोन ठेवून द्यायला अंगठा उचललाही होता. मग मी कागद घडी करून खिशात घातला आणि त्यांना काकूंबद्दल सांगितलं. मॅचिंग सेंटर, बटनं, डबा, सगळं. किती वेळ बोलले कोण जाणे. आईनं खालून दोनदा हाक मारली. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले की इतक्या वर्षांत लोकांनी त्यांना ह्या कॉमिकची फक्त कंडिशन विचारली होती, गोष्ट कोणी विचारली नव्हती. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून ते काढल्याचा आवाज मला ऐकू आला. आणि त्यांनी शेवटचं पान वाचून दाखवलं.

वाचून झालं. "हाँ," ते ओशाळून म्हणाले, जणू त्यांनीच ते लिहिलं होतं. "बस, इतना ही है."

पुढच्या शनिवारी मी सौसरला निघाले. वाटेत माझ्या डोक्यात दुसरे शेवट तयार होत होते, एकाहून एक चांगले. त्यातला एखादा सांगितला असता तर कोणाला कळलं असतं? पण मला खोटं बोलता येत नाही. त्यासाठीही बोलावं लागतं.

सर आणि भाऊ आधीच आले होते. दुकानात आता बसायला जागाच जागा होती. मी दाराशी चपला काढल्या आणि काकू नेहमीचा प्रश्न विचारणार, एवढ्यात माझ्याच तोंडून निघून गेलं, "काकू, कोणी मारलं?"

काकू माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग हळूच खाली बसल्या. "समजलं तुले?"

मी मान हलवली.

"सांगू नको," त्या घाईनं म्हणाल्या. "नियम आहे. पहिले आमी सांगू."

सर म्हणाले मुनीम. भाऊ म्हणाले साळा, आणि हे ते शपथेवर सांगायला तयार होते. मग आम्ही तिघंही काकूंकडे पाहायला लागलो. त्यांचं उत्तर आजवर कोणीच ऐकलं नव्हतं. काकूंनी पदरानं तोंड पुसलं.

"सेठानी," त्या म्हणाल्या. "पाहा ना तुम्ही, सगळ्या चित्रांत ते वाढून राहिली. भात वाढते, वरण वाढते, त्या पाहुण्यालेही वाढते. पण तिले कोणी म्हटलं का, तू जेवली का म्हणून? त्या सेठनं तं जिवंतपणीही म्हटलं नसंल. तिनंच मारलं." आणि माझ्याकडे वळून, "सांग आता."

मी सांगितलं. पाहुण्याचं बोट वाचकाकडे येतं, मोठा प्रकाश पडतो आणि शेठ दचकून जागा होतो. तो मेलेलाच नसतो. दुसऱ्या कोणाच्या तरी तेरवीला जाऊन त्यानं लाडू जास्त खाल्लेले असतात, आणि हे सगळं त्याचं अजीर्णाचं स्वप्न. शेवटच्या चित्रात तो पोटावरून हात फिरवत म्हणतो की आता यापुढे कोणाच्या तेरवीला इतकं खाणार नाही. उरलेल्या अर्ध्या पानावर पेनाची जाहिरात.

 बोंद्रे सर दुखावलेल्या आवाजात म्हणाले, म्हणजे मुनीम निर्दोष? भाऊ म्हणाले, "मेलाच नाही कोणी?"

आणि काकू हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी. "लाडू," त्या म्हणत होत्या. "लाडू माय वं. अन् मी त्या बाईले एवढी वर्षं..." पुन्हा हसू. मग एकदम थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "थांबा. मेलं कोणी नाही. मारलं कोणी नाही. हे तं हिचंच उत्तर झालं."

भाऊंनी मान्य केलं की तसंच दिसतं. सर म्हणाले, तत्त्वतः हो. मला ह्या कॉमिकबद्दलही विचारलं होतं तेव्हा मी म्हटलं होतं, कदाचित शेठची तब्येत बरी नसेल. अशा रीतीनं मी आयुष्यात एकदाच बरोबर ठरले, तेही अपचनामुळे.

काकूंनी भाऊंच्या थैलीतून संत्रं काढलं आणि स्वतः सोललं. डबा सांभाळणाऱ्या काकूंना कोणी संत्रं सोलताना कधी पाहिलं नव्हतं. वरचे पांढरे धागेसुद्धा काढून त्यांनी एकेक फोड माझ्या हातावर ठेवली. चार-पाच फोडी झाल्यावर म्हणाल्या, "पण हा शेवट नाही वं. ह्या लेकाच्यानं पान भरलं नुसतं. जाहिरात आली असंल त्याच्याकडे, जागा करून दिली. तू सांग आता. हे स्वप्न नाही, अपघात नाही, तब्येत नाही. कोणी मारलं?"

तिघंही माझ्याकडे पाहत होते. बाहेर रस्त्यावर फटाक्यांची लड लागली, ती संपेपर्यंत मला वेळ मिळाला. मग संपली.

"पाहुण्यानं," मी म्हणाले.

"काऊन?"

"तो पहिल्या पानापासून पंगतीत बसलाय. कडेला. सगळ्यांना वाटतं तो दुसऱ्या कोणाचा तरी आहे. त्याला कोणी विचारलंच नाही, तू कोण म्हणून. म्हणून त्याला सगळं माहीत होतं. म्हणून..." पुढचं मला नीट जमलं नाही. मी तोंडात संत्र्याची फोड टाकली.

 काकूंनी माझा हात ओढून जवळ घेतला. माझ्या कुर्त्याच्या बाहीचं बटन तुटलेलं होतं. मी तिथे सेफ्टी पिन लावायचे. मॅचिंग सेंटरमध्ये वर्षभर येऊन-जाऊन मला एक बटन मागता आलं नव्हतं. त्यांनी पिन काढली, सुईत दोरा ओवला आणि डब्याच्या तळातलं ते पिवळं बटन माझ्या बाहीवर शिवून टाकलं. कुर्ता जांभळा होता. सरांनी दबकत विचारलं, ह्याला मॅचिंग म्हणायचं का? काकूंनी दातांनी दोरा तोडला. "पान सापडलं, बटन लागलं. तुमी तुमच्या मुनीमाचं पाहा."

काकू गेल्या त्या दिवशी मुलाची गाडी दुकानासमोर उभी होती. कॉमिक्सचा गठ्ठा त्यांनी कथ्थ्या अस्तरात बांधून माझ्या हातात दिला. सगळाच्या सगळा. इतका मोठा संग्रह मिळाल्यावर ग्रुपमधल्या कोणीही नाचायचं तेवढं बाकी ठेवलं असतं. मी फक्त विचारलं, "आणि डबा?"

डबा काकूंच्या मांडीवर होता, गाडीत. दोन्ही हात झाकणावर.

"तो मी नेऊन राहिली," त्या म्हणाल्या. "पान पाहिजे तं फोन करजो." मुलगा म्हणाला, आई, फोनवर कशाला, मी फोटो काढून सगळं एकदम पाठवून देतो हिला, पाच मिनिटांचं काम. काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मुकाट्यानं गाडी सुरू केली.

त्यामुळे आता माझ्या खोलीत खुनांनी भरलेलं कपाट आहे आणि बहुतेकांचा खुनी मला माहीत नाही. सर आणि भाऊ कधी कधी येतात, एखादं कॉमिक नेतात. शेवटासाठी त्यांनाही रायपूरलाच फोन करावा लागतो. मी हातमोजे घालायचं सोडलं; त्यांना लागलेले संत्र्याच्या रसाचे डाग कधी नीट निघालेच नाहीत. फोन करायला अजून गच्चीवरच जाते, पण कागद लिहीत नाही, कारण काकू समोरून काय विचारणार ते ठाऊक असतं. त्या हॅलो म्हणत नाहीत.

परवा मी म्हटलं, "वैद्यानं. आणि काकू, त्याला सोडू नका. मला तो दुसऱ्या पानापासूनच आवडला नाही."

"वा," काकू म्हणाल्या. "घसरला नाही का कोणी?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांना ती सगळी पानं तोंडपाठ आहेत, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे. तरी त्या म्हणतात, थांब. मग तिकडे, रायपूरला, पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज येतो.